कानपूरची मोडकी विमाने आणि मूळ दस्ताचा प्रश्न

आमच्या वकिलीच्या व्यवसायात समोर आलेल्या कोणत्याही कागदाला पहिला प्रश्न विचारावा लागतो तो हा, की मूळ दस्त आहे की नक्कल? मूळ दस्त फाटका असो, वाळवीने खाल्लेला असो, शाई उडालेला असो. त्याची जागा सुवाच्य नक्कल सहसा घेऊ शकत नाही. हाच प्रश्न एखाद्या विमानाबद्दल विचारण्याची वेळ येईल असे मात्र आम्हास कधी वाटले नव्हते. दुसऱ्या महायुद्धातील जुनी विमाने दुरुस्त करून पुन्हा आकाशात उडविण्याचा उद्योग ब्रिटन-अमेरिकेत गेली अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. त्याविषयी वाचीत असता आम्ही एका विमानाच्या चरित्रापाशी येऊन थांबलो, आणि त्या चरित्राने आम्हास थेट कानपूर, बंगळूर व पुणे या आपल्याच गावांत आणून सोडले.

प्रथम या उद्योगाचे स्वरूप सांगितले पाहिजे. संग्रहालयात ठेवावयाच्या विमानास रंगरंगोटी केली, काचा बसविल्या आणि चाकांत हवा भरली की भागते. उडावयाच्या विमानाचे तसे नाही. त्याच्या अंगावरचा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा दमट हवेने आतून पोखरलेला असतो. वरून तो धड दिसतो, पण सांध्याशी कागदासारखा सुटतो. लक्षावधी रिव्हेटांपैकी कोणता सैल झाला आहे हे एकेक तपासून पाहावे लागते. रबरी नळ्या व गास्केटे वाळून तडकलेली असतात, विजेच्या तारांवरील वेष्टण कुजून गेलेले असते. इंजिन पूर्ण उलगडून त्याच्या प्रत्येक पोलादी भागातील डोळ्यांस न दिसणारी चीर चुंबकीय परीक्षणाने हुडकावी लागते. जो भाग मिळत नाही तो दुसऱ्या एखाद्या मोडक्या विमानातून काढावा, किंवा कारखान्याचे जुने नकाशे मिळवून नव्याने घडवावा. अशा रीतीने विमान जेव्हा पुन्हा धावपट्टी सोडते, तेव्हा त्यात मूळचा पत्रा किती आणि नवा किती, हे सांगणे त्याच्या कारागिरांनाही कधी कधी अवघड जाते. मग ते ‘तेच’ विमान कशावरून? व्यवहारात याचे उत्तर निर्मात्याच्या छोट्याशा धातूच्या पाटीवरून आणि अखंड चालत आलेल्या कागदपत्रांवरून दिले जाते. एका अर्थी, जमिनीच्या उताऱ्यावर जशा फेरफारांच्या नोंदी, तशाच या विमानांच्या नोंदी.

आता आमच्या विमानाकडे वळू. ‘लिबरेटर’ हे चार इंजिनांचे अमेरिकन बाँबफेकी विमान. पंखांचा पल्ला एकशे दहा फूट, आणि महायुद्धाच्या काळात तयार झालेल्यांची संख्या अठरा हजारांहून अधिक. ब्रह्मदेशातील जपानी सैन्यावर हल्ले करण्यासाठी ब्रिटिश हवाई दलाने भारतातील तळांवर ही विमाने आणून ठेवली होती. ती ब्रिटनच्या मालकीची मात्र नव्हती. मार्च १९४१ मध्ये अमेरिकेने जो ‘लेंड-लीज’ कायदा केला, त्याखाली ती उसनवारीने दिलेली होती. युद्ध संपताच या उसनवारीचे काय करावयाचे असा प्रश्न उभा राहिला. हजारो जुनी विमाने परत नेण्यात अमेरिकेस स्वारस्य नव्हते, आणि ती दुसऱ्या कोणाच्या हाती लागून वापरात यावीत हेही इष्ट मानले जात नव्हते. परिणामी कानपूरजवळ चकेरीच्या विमानतळावर अनेक लिबरेटर विमाने एकत्र आणून निकामी करण्यात आली. इंजिनांत वाळू ओतली गेली, उपकरणे फोडली गेली, अंगावर कुदळी चालविल्या गेल्या आणि काही विमाने तर उचलून खाली आपटण्यात आली. कायद्याच्या दृष्टीने उसने घेणाऱ्याने आपले कर्तव्य पार पाडले. राहिले ते भंगार.

१९४७ साली स्वतंत्र झालेल्या भारताच्या वाट्यास लांब पल्ल्याचे एकही जड बाँबफेकी विमान आलेले नव्हते. काश्मीरमध्ये युद्ध पेटलेले होते, आणि परदेशातून नवी विमाने घेण्याइतका वेळ नव्हता व पैसाही नव्हता. अशा वेळी कोणाची तरी नजर चकेरीच्या त्या ढिगाऱ्याकडे गेली. परदेशी तज्ज्ञांनी ती विमाने पाहून दुरुस्ती अशक्य असल्याचा निर्वाळा दिला. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याने मात्र काम अंगावर घेतले.

हा कारखाना आपल्या वाचकांस अगदी परका नाही. सोलापुरास जन्मलेल्या वालचंद हिराचंद या उद्योजकाने म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये त्याची स्थापना केली. पुढे तो सरकारच्या ताब्यात गेला, आणि युद्धाच्या उत्तरार्धात अमेरिकन सैन्याने तेथे आपली विमाने दुरुस्त करण्याचे मोठे आगार चालविले. त्या काळात येथील कारागिरांचा हात अमेरिकन इंजिनांवर व सांगाड्यांवर बसला होता. लिबरेटरचे ‘ट्विन वास्प’ इंजिन आणि आपल्याकडे वापरात असलेल्या डकोटाचे इंजिन हे एकाच घराण्यातले, ही गोष्टही उपयोगी पडली. तरी अडचण होतीच. विमाने कानपुरास, कारखाना बंगळुरास. इतके मोठे विमान रस्त्याने किंवा आगगाडीने नेणे शक्य नव्हते. तेव्हा असे ठरले की कानपूरच्या मैदानातच एकाचा पंख, दुसऱ्याचे इंजिन असे जुळवून ते कसेबसे उडण्याजोगे करावयाचे, आणि मग हवेतून बंगळुरास न्यावयाचे. कारखान्याचे परीक्षक वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ही विमाने एकामागून एक दक्षिणेस नेली. ज्या विमानांच्या इंजिनांत दोन वर्षांपूर्वी जाणूनबुजून वाळू ओतली होती, त्यांत बसून जवळपास हजार मैलांचे उड्डाण करावयाचे, यात केवढे धाडस होते याची कल्पना वाचकांनीच करावी.

बंगळुरास पोचल्यावर प्रत्येक विमान पूर्ण उलगडून पुन्हा बांधण्यात आले. नोव्हेंबर १९४८ मध्ये अशा पहिल्या विमानांवर भारतीय वायुसेनेचे पाचवे पथक उभे राहिले. एकंदर सुमारे चाळीस विमाने या रीतीने सेवेत आली. १९५१ साली पुण्यास सहावे पथक लिबरेटरवर उभे करण्यात आले व समुद्रावरील टेहळणीचे काम त्याजकडे देण्यात आले. पाचव्या पथकास १९५७ साली कॅनबेरा ही जेट विमाने मिळाली, परंतु सहावे पथक लिबरेटर उडवीतच राहिले. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली. ज्या देशाने ही विमाने बांधली त्याने ती केव्हाच वितळवून टाकली होती. ज्या देशात ती मोडून टाकली गेली, त्या देशात ती पुढे वीस वर्षे उडाली.

आणि मग जगास त्यांची आठवण झाली. कॅनडाने एक मागितले, ते १९६८ साली उडत गेले. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टुसॉन येथील संग्रहालयासाठी एक १९६९ साली उडत गेले, आणि ब्रिटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयासाठी एक १९७४ साली. अर्ध्या पृथ्वीचा हा प्रवास या विमानांनी आपल्याच इंजिनांवर केला. बंगळूरच्या कारागिरांच्या कामाचा याहून चांगला दाखला आम्ही तरी मागणार नाही. आज जगात जी मोजकी लिबरेटर विमाने शिल्लक आहेत, त्यांपैकी जवळजवळ निम्मी या भारतीय पथकांतून गेलेली आहेत.

ज्या एका विमानाच्या चरित्राचा उल्लेख आम्ही आरंभी केला, ते यांतलेच. ऑगस्ट १९४४ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे ते तयार झाले. ब्रिटिश हवाई दलात त्याचा क्रमांक केएच १९१, भारतीय वायुसेनेत एचई ७७१. निवृत्तीनंतर ते बारा-तेरा वर्षे भारतात उघड्यावर पडून होते. १९८० नंतर एका ब्रिटिश संग्राहकाने ते सुटे करून नेले, आणि १९८४ साली मॅसॅच्युसेट्समधील कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेने ते विकत घेतले. अनेक वर्षांच्या परिश्रमानंतर १९८९ मध्ये ते पुन्हा उडाले, आणि पुढे तीस वर्षे अमेरिकेच्या गावोगावी फिरून त्याने लाखो लोकांस आपल्या इंजिनांचा आवाज ऐकविला. युद्धात लढलेले वृद्ध वैमानिक त्याच्या पोटात शिरून रडले असतील, तर त्यात नवल नाही. या कामाचे मोल आम्ही मुळीच कमी लेखीत नाही.

तथापि त्या विमानावर रंग कोणता चढला? प्रथम त्यावर ‘ऑल अमेरिकन’ हे नाव आले. पुढे पॅसिफिकमधील एका विमानाचे अजस्र ड्रॅगनचे चित्र. आणि २००५ पासून ‘विचक्राफ्ट’ हे इंग्लंडमधून लढलेल्या एका विमानाचे नाव. ही तिन्ही नावे दुसऱ्या विमानांची होती. ती मूळ विमाने राहिली नाहीत, म्हणून त्यांची आठवण या विमानाच्या अंगावर रंगविण्यात आली. हेतू कृतज्ञतेचा होता, आणि संस्थेने विमानाचा भारतातील इतिहास लपविलाही नाही. तिच्या माहितीत तो नमूद आहे. परंतु माहितीपत्र वाचणारे थोडे आणि विमान पाहणारे पुष्कळ. पाहणाऱ्यास हे विमान युरोपच्या आकाशातून आलेले वाटले. ते ब्रह्मदेशाच्या मोहिमेतले, कानपुरास मोडलेले, बंगळुरास पुन्हा जन्मलेले आणि वीस वर्षे भारतीय वायुसेनेच्या रंगांखाली उडालेले होते, हे त्याच्या अंगावर कोठेच दिसले नाही. उताऱ्यावरचे मधले सगळे फेरफार गाळून पहिली आणि शेवटची नोंद तेवढी हजर करावी, तसे हे झाले. न्यायालयात असा उतारा कोणी पुढे केला तर समोरचा वकील गप्प बसणार नाही.

पण दुसऱ्याची उलटतपासणी घेताना आपल्या अशिलाचे कागदही तपासावेत, हा आमच्या धंद्याचा शिरस्ता आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीच्या पहिल्या तुकडीस घेऊन जी डकोटा विमाने श्रीनगरला उतरली, त्यांत व्हीपी ९०५ या क्रमांकाचे विमान प्रसिद्ध आहे. त्या पराक्रमाचे स्मारक म्हणून एक जुने डकोटा ब्रिटनमध्ये विकत घेऊन उड्डाणक्षम करण्यात आले. खासदार राजीव चंद्रशेखर यांनी, डकोटाचे वैमानिक असलेल्या आपल्या वडिलांच्या सन्मानार्थ, ते वायुसेनेस देऊ केले. आधी स्वीकारला न गेलेला हा प्रस्ताव गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना मान्य झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये रीतसर बक्षीसपत्र झाले, एप्रिलमध्ये विमान कॉव्हेंट्रीहून उडत जामनगरला आले, आणि मे महिन्यात हिंडनच्या तळावर ते ‘परशुराम’ या नावाने दाखल झाले. त्याच्या अंगावर क्रमांक आहे व्हीपी ९०५. पण श्रीनगरला उतरलेले ते हे विमान नव्हे. याचे स्वतःचे आयुष्य वेगळ्या आकाशात गेले. म्हणजे अमेरिकनांनी आमच्या विमानाचे जे केले, तेच आम्हीही दुसऱ्यांच्या विमानाचे केले.

तेव्हा आमचा निवाडा कोणा एका देशाविरुद्ध नाही. जुने विमान दुसऱ्याचे नाव धारण करून उडाले म्हणून बिघडत नाही; स्मारकास तेवढी मुभा असावी. बिघडते ते, पाहणाऱ्यास नक्कल मूळ म्हणून दाखविली जाते तेव्हा. विमानापाशी उभ्या राहणाऱ्या मुलास एका पाटीवर, ठळक अक्षरांत, हे विमान कोठे जन्मले, कोणी वापरले, कोणी मोडले आणि कोणी पुन्हा उभे केले हे क्रमाने सांगावयास फारसा खर्च येत नाही. कॉलिंग्ज फाउंडेशनच्या पाटीवर बंगळूरचे नाव हवे, तसेच ‘परशुराम’च्या पाटीवर कॉव्हेंट्रीच्या कारागिरांचेही.

या सर्व कथेत आम्हास एक गोष्ट विशेष लागली. कोणते विमान कोणत्या दिवशी कोणाच्या ताब्यात गेले, याच्या नोंदी सापडतात. ज्यांनी कानपूरच्या उन्हात वाळूने भरलेली इंजिने धुऊन काढली, त्या फिटरांची, पत्रेकाम करणारांची आणि मदतनिसांची नावे मात्र सर्वसामान्य वाचकाच्या हाती येत नाहीत. त्या पिढीतील माणसे आता बहुतेक काळाच्या पडद्याआड गेली. त्यांच्या घरांतील ट्रंकांत मात्र अजून काही असू शकेल: कारखान्याचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, एखाद्या चार इंजिनी विमानापुढे ओळीने उभे राहून काढलेले छायाचित्र. बंगळूरच्या कारखान्यात किंवा पुण्याच्या तळावर त्या काळी काम केलेले कोणी आपल्या घराण्यात असेल, तर वाचकांनी ती ट्रंक एकदा अवश्य उघडून पाहावी आणि छायाचित्रामागे नावे लिहून ठेवावीत. दावा कोणी कधी चालवील ते सांगता येत नाही, पण कागद जपून ठेवलेला बरा.