शहीद नातेवाईकाचे मेडल: कोणते मागता येते, कोणते नाही आणि कागद कुठून सुरू करायचे

१५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी जवळ आली की आपल्या वस्त्यांत आणि शाळांत अब्दुल हमीद यांचे नाव हमखास निघते. मुले भाषणे पाठ करतात. मग एखाद्या घरातले बुजुर्ग म्हणतात, "आमचे चाचा पण ७१ च्या लढाईत गेले, त्यांना मेडल का नाही मिळालं?" सवाल रास्त आहे. पण बहुतेक घरांत जवाब कुणालाच ठाऊक नसतो. अर्ज नेमका कशासाठी आणि कुठे करायचा हे माहीत नसल्याने लोक वर्षानुवर्षे मंत्र्यांना निवेदने देत राहतात, आणि जे मेडल साध्या अर्जावर मिळाले असते तेही राहून जाते. म्हणून ही माहिती एका जागी देत आहे.

आधी दोन प्रकार समजून घ्या

फौजी मेडल मुख्यतः दोन प्रकारचे असते. पहिले शौर्यपदक. युद्धात शत्रूसमोर गाजवलेल्या बहादुरीसाठी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र. हे सन्मान २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले, पण १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू केले गेले. शत्रूशी थेट युद्ध नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र. त्याशिवाय सेना मेडल, नौसेना मेडल, वायुसेना मेडल आणि मेन्शन इन डिस्पॅचेस. हे सगळे मरणोत्तर देता येते.

दुसरे सेवा-पदक. यात बहादुरीची परीक्षा नसते. त्या काळात, त्या ठिकाणी, त्या मोहिमेत जवान हजर होता, एवढे रेकॉर्डवर असले की तो त्याचा हक्क होतो. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल.

फरक असा की शौर्यपदकासाठी घरच्यांना अर्ज करता येत नाही. सेवा-पदक मात्र वारस हक्काने मागू शकतात. बऱ्याच घरांत याच्या उलट चालते. परमवीर चक्रासाठी निवेदने जातात, आणि हक्काचे संग्राम मेडल कुणी मागायलाच जात नाही.

शौर्यपदक कसे ठरते

कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे, पलटण ४ ग्रेनेडियर्स. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागात, चीमा गावाजवळ, जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने त्यांनी पाकिस्तानी रणगाडे फोडले आणि १० सप्टेंबरला ते शहीद झाले. १६ सप्टेंबरला परमवीर चक्र जाहीर झाले. २६ जानेवारी १९६६ रोजी त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हातून ते स्वीकारले. त्यासाठी घरच्यांना अर्ज करावा लागला नव्हता.

कारण शिफारस पलटणीतून निघते. कमांडिंग ऑफिसर घटनेचे वर्णन लिहितो, म्हणजेच सायटेशन. सोबत ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांचे जबाब असतात. हा कागद ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड असा वर चढतो, सेना मुख्यालयाची समिती तो तपासते, मग संरक्षण मंत्रालयाची समिती, आणि शेवटी राष्ट्रपतींची मंजुरी. यादी सहसा प्रजासत्ताक दिन किंवा स्वातंत्र्य दिनाच्या आसपास जाहीर होते आणि भारताच्या राजपत्रात छापली जाते.

शिफारस पाठवायला मुदत असते. पन्नास वर्षांनी घरच्यांच्या अर्जावरून जुने प्रकरण उघडणे जवळजवळ होत नाही. पाहणारे साथीदार हयात नसतात, अधिकारी निवृत्त झालेले असतात. अदालतींचीही साधारण भूमिका हीच राहिली आहे की शौर्यपदक हा हक्क नाही, सन्मान आहे. त्यामुळे कुणी एजंट "पैसे द्या, वीर चक्र मिळवून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच सलाम करा.

मात्र एक रास्ता खुला आहे. शिफारस झाली होती पण कागद कुठेतरी अडकला, किंवा पदक मंजूर होऊन घरापर्यंत पोहोचलेच नाही, असा पुरावा असेल तर रेकॉर्ड ऑफिस आणि संरक्षण मंत्रालयाकडे लेखी विचारणा जरूर करा. पुरावा म्हणजे त्या वेळच्या कमांडिंग ऑफिसरचे पत्र, राजपत्राचा उतारा, पलटणीच्या इतिहासातली नोंद. "गावात सगळे सांगतात" एवढ्यावर काम होत नाही.

मेडल नाही म्हणजे कुर्बानी कमी, असे नाही

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. बाकीच्यांतल्या बहुतेकांच्या नावापुढे शौर्यपदक नाही. म्हणून त्यांचे मरण हलके ठरते का? मुळीच नाही. देश त्यांना वेगळ्या तऱ्हेने याद ठेवतो. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्याग चक्रात २५ हजारांहून जास्त जवानांची नावे कोरली आहेत, आणि तिथे रँक किंवा मेडल पाहून जागा दिलेली नाही. आपल्या मरहूम नातेवाईकाचे नाव तिथे आहे का, हे आधी पाहा. नसेल तर तो मुद्दा रेकॉर्ड ऑफिसकडे मांडण्यासारखा आहे.

अजून एक बारीक बात. आपण 'शहीद' म्हणतो, पण फौजेच्या कागदात हा शब्द अधिकृत नाही. तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' लिहिलेले असते. युद्धात किंवा मोहिमेत नव्हे तर आजारपण, साधा अपघात यांत मरण आले असेल तर 'फिजिकल कॅज्युअल्टी'. कागद मागताना हेच शब्द वापरा. पेन्शनही या नोंदीवर ठरते.

अर्ज कुठे करायचा

जवानाची पलटण किंवा कोअर ज्या रेकॉर्ड ऑफिसशी जोडलेली, तिथे. महाराष्ट्रातल्या घरांना जास्त लागणारी ठिकाणे अशी:

- मराठा लाइट इन्फंट्री: बेळगाव
- तोफखाना: नाशिक रोड
- बॉम्बे इंजिनिअर ग्रुप: खडकी, पुणे
- मेकॅनाइज्ड इन्फंट्री आणि रणगाडा दल: अहिल्यानगर
- ग्रेनेडियर्स: जबलपूर
- महार रेजिमेंट: सागर, मध्य प्रदेश
- नौदलाचे खलाशी: ब्युरो ऑफ सेलर्स, मानखुर्द, मुंबई
- हवाई दलाचे जवान: एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस, सुब्रतो पार्क, नवी दिल्ली

सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे दले गृह मंत्रालयाखाली येतात. त्यांचा अर्ज त्या त्या दलाकडे जातो.

पत्ता, नमुना, शिक्का काही कळत नसेल तर थेट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. बहुतेक जिल्ह्यांत हे कार्यालय आहे आणि त्यांचे वरिष्ठ कार्यालय पुण्याच्या सैनिक कल्याण विभागात आहे. अर्ज पुढे पाठवणे हे त्यांचे कामच आहे, त्यासाठी कुणाला पैसे द्यायचे नाहीत.

अर्जात काय लिहायचे

अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत, एका पानात. भावनेची बात एका ओळीत ठेवा, बाकी फक्त माहिती:

१. जवानाचा सर्व्हिस नंबर, रँक, पूर्ण नाव, पलटण.
२. भरतीचे आणि मरणाचे साल, ठिकाण, मोहीम.
३. तुमचे नाते.
४. सवाल स्पष्ट: कोणकोणती पदके मंजूर आहेत? त्यातली कोणती दिली गेली, कुणाला आणि कधी? जी दिली नाहीत ती वारसाला द्यावीत.

सोबत जोडायचे कागद: सर्व्हिस किंवा पेन्शनची कागदपत्रे, मृत्यूची तार किंवा पलटणीचे पत्र, निकाहनामा, तहसीलचा वारस दाखला, आधार कार्ड. सर्व्हिस नंबर सगळ्यात महत्त्वाचा. दादींच्या पेटीत जुनी मनिऑर्डरची पावती, पेन्शन बुक, छावणीतून आलेले पाकीट, काहीही असो, त्यावर नंबर सापडतो. असे कागद रद्दीत देऊ नका.

जवाब नाही आला तर माहितीचा अधिकार कायदा २००५ आहे. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालील घरांना तीही माफ. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, नाही दिले तर पहिले अपील. "मेडल द्या" अशी मागणी आरटीआयमध्ये करू नका, तिथे फक्त माहिती मागता येते. वर दिलेले चौथ्या मुद्द्यातले सवाल तिथे चालतात.

मेडल मिळाले होते पण हरवले, असेही होते. त्यासाठी पोलिस ठाण्यातली हरवल्याची नोंद आणि प्रतिज्ञापत्र लावून त्याच रेकॉर्ड ऑफिसकडे दुसरी प्रत मागायची.

आपल्या नावांची अडचण

मुस्लिम घरांचे अर्ज जास्त करून इथे अडतात. फौजेत 'शेख महंमद', शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद शेख', रेशन कार्डावर 'शे. महमद', आणि इंग्रजीत एकाच नावाची चार स्पेलिंगे. कोकणात आडनाव कधी गावावरून लागलेले, कधी नुसते वडिलांचे नाव. बेवेचे नाव निकाहनाम्यात उर्दूत एक, पेन्शन बुकात बीबी, बी किंवा बेगम. कारकुनाला ही दोन वेगळी माणसे वाटतात.

उपाय सोपा आहे, पण अर्जाआधी करायचा. फौजेतले नाव जसे आहे तसेच आधार माना. बाकी सगळ्या कागदांवरची रूपे एका प्रतिज्ञापत्रात लिहा आणि "ही सर्व एकाच व्यक्तीची नावे आहेत" असे नमूद करा. उर्दू निकाहनाम्याचा मराठी किंवा इंग्रजी तर्जुमा प्रमाणित करून जोडा.

मेडल आणि भत्ता कुणाचा

मेडल फौजेच्या नोंदीतल्या सर्वांत जवळच्या वारसाला दिले जाते. विवाहित जवानाच्या बाबतीत ती सहसा पत्नी. इथे आई-वडील आणि सून यांच्यात रंजिश झाल्याची उदाहरणे आहेत. मेडल ही तरक्यातल्या जमिनीसारखी तुकडे करायची चीज नाही. पेन्शन आणि भत्ताही सरकारी नियमाने जातो, वारसाहक्काच्या हिश्श्यांनी नाही. त्यामुळे घरात बसून आधीच सहमती करा.

शौर्यपदकासोबत केंद्राचा मासिक भत्ता असतो. १ ऑगस्ट २०१७ पासून तो दुप्पट झाला: परमवीर चक्र २०,०००, अशोक चक्र १२,०००, महावीर चक्र १०,०००, कीर्ती चक्र ९,०००, वीर चक्र ७,०००, शौर्य चक्र ६,००० आणि शौर्यासाठीचे सेना मेडल २,००० रुपये. राज्य सरकारची मदत वेगळी, ती जिल्हा कार्यालयात विचारा.

बेवा बहिणींसाठी एक जरुरी गोष्ट. पूर्वी बेवेने दुसरा निकाह केला तर हा भत्ता बंद व्हायचा, फक्त दिवंगत पतीच्या भावाशी केला तरच चालू राहायचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ही अट काढून टाकली. आता दुसरा निकाह कुणाशीही केला तरी भत्ता तिच्या हयातीपर्यंत चालू राहतो. या भीतीने कुणा तरुण बेवेला निकाहापासून रोखू नका.

इंग्रजांच्या काळातले आजोबा-पणजोबा

रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी घरांतले बुजुर्ग महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत किंवा व्यापारी बोटींवर होते. त्यांचा शोध वेगळ्या रस्त्याने घ्यायचा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नाव फुकट शोधता येते. समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांची यादगार मुंबईत मस्जिद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, भिंग घेऊन वाचा. फौजेतल्या पूर्वजांच्या शोधासाठी दिल्लीची युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन आणि लंडनची ब्रिटिश लायब्ररीही उपयोगी पडते.

हेही लक्षात घ्या की १९७९ पर्यंत ब्रिटिश फौजी शौर्यपदकांपैकी व्हिक्टोरिया क्रॉस, जॉर्ज क्रॉस आणि मेन्शन इन डिस्पॅचेस एवढेच मरणोत्तर मिळू शकत होते. इम्फाळजवळ ६ एप्रिल १९४४ ला गेलेले जमादार अब्दुल हफीज आणि १० जुलै १९४४ ला इटलीत गेलेले आपल्या रायगडचे नाईक यशवंत घाडगे, दोघांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याहून खालची बहुतेक शौर्यपदके मरणोत्तर देण्याची सोय नव्हती. त्यामुळे पणजोबांच्या पेटीत शौर्यपदक नसले तर तो त्यांच्या हिमतीचा नव्हे, त्या काळच्या नियमाचा परिणाम असू शकतो.

आजच करायचे काम

घरात असा कुणी असेल तर या जुम्म्याला सगळ्यात वयस्क माणसाजवळ बसा. सर्व्हिस नंबर, पलटण, साल एका वहीत लिहून घ्या, कागदांचे फोटो काढा. वयस्क माणसे गेली की ही माहिती पण जाते, मग कोणतेही ऑफिस ती परत आणू शकत नाही. अर्ज पुढच्या महिन्यात केला तरी चालेल. वही मात्र आजच काढा.