खानावळ : घरच्या चवीचा व्यवहार

पैसे मोजून जेवणाऱ्याने ताटातील पदार्थ चांगला की वाईट हे उघडपणे बोलून दाखवावे, ही महाराष्ट्रात फार जुनी रीत नव्हे. अन्नाला नावे ठेवू नयेत हा संस्कार घरोघरी होता, आणि घराबाहेर जेवण्याचे जे प्रसंग येत त्यांतही खाणारा बहुधा पाहुणा, यात्रेकरू किंवा आश्रित असे. पुण्यात शिकण्यासाठी आलेला गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागे, म्हणजे ठरावीक घरांतून शिजलेले अन्न भिक्षा म्हणून गोळा करी. नाहीतर तो वार लावून जेवे, म्हणजे आठवड्याचा एकेक वार एकेका कुटुंबाकडे जेवायला जाई. आमटी पातळ आहे असे म्हणण्याची सोय या दोन्ही रीतींत नव्हती. ती सोय खानावळीने करून दिली. महिन्याचा दर ठरवून दोन वेळचे साधे जेवण देणारी ही जागा आली, आणि चवीविषयीचे मत हा खाणाऱ्याचा हक्क झाला.

हा बदल सहजासहजी झाला नाही, कारण कोणाच्या हातचे खावे हा प्रश्न चवीचा नसून जातीचा होता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली, आणि त्यांची नावे पुढे ‘पुणे वैभव’ या पत्रात प्रसिद्ध होताच प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. जेथे एका चहाच्या पेल्यासाठी इतके घडले, तेथे उपाहारगृहाच्या पाटीवर मालकाची जात लिहिलेली असणे हे गिऱ्हाइकाला दिलेले आश्वासनच होते. अस्पृश्य मानलेल्या माणसाला मात्र त्या पाटीखालून आत जाता येत नसे, आणि चहाच्या दुकानात त्याच्यासाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे. १९३३ मध्ये रत्नागिरीत सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले, समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या सहभोजनांचा प्रचार केला, आणि मुंबईत इराण्याच्या हॉटेलातील संगमरवरी टेबलाभोवती नाना जातींचे लोक प्रचाराविनाच एकत्र बसू लागले. मराठी खाद्यसंस्कृतीच्या कौतुकात हा इतिहास सहसा गाळला जातो, आणि तो गाळला की उरलेले कौतुक अर्धवट ठरते.

खानावळीची खरी वाढ मात्र मुंबईच्या गिरणगावात झाली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणी काढल्यापासून पुढच्या काही दशकांत लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा सारा पट्टा गिरण्यांनी भरून गेला, आणि कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतून कामगार येऊ लागले. त्यांतील बहुतेकांची बायका-मुले गावीच राहत. चाळीतील एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस पुरुष पाळीपाळीने झोपत, एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू होई. अशा खोलीत चूल मांडायला जागा नव्हती आणि मांडली तरी रांधायला सवड नव्हती. म्हणून शेजारच्या एखाद्या बिऱ्हाडातील बाई आपल्या नवऱ्या-मुलांच्या भाकरीबरोबर आणखी दहा-पंधरा जणांच्या भाकऱ्या थापू लागली, आणि तिच्या खोलीला खानावळ हे नाव मिळाले.

या खानावळवाल्या बायकांपैकी अनेकींचा गिरणीशी स्वतःचाही संबंध होता. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. पुढे रात्रपाळीवरील बंदी, १९२९ च्या कायद्याने मालकांवर आलेला प्रसूतिभत्त्याचा भार आणि खात्यांची पुनर्रचना या कारणांनी हे प्रमाण सतत घटत गेले. ज्यांची गिरणीतील जागा गेली किंवा ज्यांना ती कधी मिळालीच नाही, त्यांना पोट भरण्यासाठी उरलेल्या मोजक्या वाटांपैकी खानावळ ही एक होती. खानावळवालीचा दिवस पहाटे, पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी सुरू होई, आणि शेवटच्या पाळीचा माणूस जेवून गेल्यावर भांडी घासून संपे. बाजार, दळण, पाणी भरणे, मसाला वाटणे ही कामे त्या कष्टात मोजलीही जात नसत.

हिशेब महिन्याचा असे आणि तो पगारानंतर चुकता होई. कामगार गावी गेला किंवा आजारी पडला तर तेवढ्या दिवसांचे पैसे वजा होत. याला खाडा म्हणत, आणि कोणते खाडे धरायचे यावरून होणारी घासाघीस हा या व्यवहाराचा नेहमीचा भाग होता. महिनाभर आधी धान्य आणि तेल भरायचे, पैसे नंतर मिळवायचे, हा ताण पेलण्यासाठी खानावळवालीला वाण्याकडे उधारी ठेवावी लागे किंवा दागिना गहाण टाकून सावकाराचे जबर व्याज भरावे लागे. संप झाला की कामगाराचा पगार थांबे, त्याची भूक थांबत नसे. गिरणी कामगारांच्या लढ्यांचा इतिहास पुढाऱ्यांच्या नावांनी लिहिला गेला आहे; पण त्या लढ्यांतील रोजचे जेवण उधारीवर कोणी पुरवले, हे विचारले तर उत्तर खानावळवाली हेच येते.

येथेच चवीविषयीच्या मताचा एक विलक्षण गुंता दिसतो. खानावळीची सर्वांत मोठी स्तुती म्हणजे जेवण ‘घरच्यासारखे’ आहे. गावाकडच्या आईच्या किंवा बायकोच्या हातची आठवण जिच्या कालवणाने होई तिच्याकडे गिऱ्हाईक टिके, म्हणून साताऱ्याचा माणूस साताऱ्याच्या बाईकडे आणि मालवणचा मालवणच्या बाईकडे जेवे. पण या स्तुतीने खानावळवालीचे नुकसानही केले. जे घरच्यासारखे ते मायेने केलेले आणि माया फुकट, अशी समजूत पक्की असल्याने तिच्या श्रमाला धंदा म्हणून मान मिळाला नाही. ती कामगार ठरली नाही, व्यापारी ठरली नाही, आणि बँकेच्या दारात तर कोणीच ठरली नाही. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हे ओळखले. १९७५ मध्ये अवघ्या १४ खानावळवाल्यांना घेऊन त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून त्यांना सावकाराच्या तावडीतून बाहेर काढण्याचा मार्ग दाखवला.

घराच्या स्वयंपाकाला लेखी रूप देण्याचे काम दुसऱ्या वर्गात, वेगळ्या वाटेने चालू होते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये आले, आणि कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापाने लग्न होऊन वेगळे बिऱ्हाड थाटणाऱ्या पिढीला सासू-आईविना रांधायला शिकवले. दूरचित्रवाणीने ही दिशा आधी उलटवली. १९९३ मध्ये झी टीव्हीवर सुरू झालेल्या ‘खाना खजाना’त मोठ्या हॉटेलातील अनुभवी बल्लव संजीव कपूर घरातल्या बाईला हॉटेलचा पदार्थ शिकवू लागले, पुढे झी मराठीवरील ‘आम्ही सारे खवय्ये’ने घरातल्या बाईलाच कॅमेऱ्यासमोर उभे केले. दुसऱ्या कार्यक्रमाचे मोल अधिक आहे, कारण त्याने गावोगावच्या सुगरणींना नावानिशी ओळख दिली. त्याची उणीव एवढीच की तेथे चाखणारा प्रत्येक पदार्थाला उत्तमच म्हणे, आणि खाडे मोजून पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचा रोखठोकपणा त्यात नव्हता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, कामगार गावी परतले, आणि त्यांच्याबरोबर जुन्या खानावळीही ओसरल्या. त्यांची जागा पोळीभाजी केंद्रांनी, विद्यार्थ्यांच्या मेसनी आणि घरोघरी जाणाऱ्या डब्यांनी घेतली आहे, जेथे आजही रांधणारी बहुधा बाईच असते आणि आजही तिची स्तुती ‘घरगुती’ या शब्दानेच होते. पाककृतींची पुस्तके ग्रंथालयांत सापडतात आणि दूरचित्रवाणीचे भाग साठवलेले आहेत, परंतु खानावळवालीच्या इतिहासाचे साधन म्हणजे तिची उधारीची वही आणि तिच्या घरच्यांची आठवण एवढेच आहे. लालबाग-परळच्या जुन्या चाळी पाडून मनोरे उभे राहत असताना ज्या घरांत अशा वह्या शिल्लक असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत, आणि ज्या वृद्ध स्त्रियांनी ही चूल चालवली त्यांच्याकडून दर, माणसांची संख्या, वाण्याची उधारी आणि रोजचे जेवण यांची नोंद अभ्यासकांनी आताच करून घ्यावी.