नर्मदेचा पदयात्री: अमृतलाल वेगड

अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) मुळात चित्रकार. कच्छमधून आलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म जबलपूरला झाला. १९४८ ते १९५३ या काळात ते शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि परतल्यावर जबलपुरात चित्रकला शिकवू लागले. नर्मदेची पदयात्रा त्यांनी १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर सुरू केली.

नर्मदेच्या परिक्रमेचा, म्हणजे नदीला पायी घातलेल्या प्रदक्षिणेचा, रूढ नेम कडक आहे. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचे नाही आणि तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांत फेरी पुरी करायची. अमरकंटकपासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत नदीची लांबी सुमारे १,३१२ किलोमीटर आहे. वेगड नोकरी सांभाळून, सवडीने, टप्प्याटप्प्याने चालले. त्यांना ओढ होती ती पुण्याची नव्हे, नदीच्या रूपाची. परिक्रमेच्या इतिहासात ही नवी दृष्टी होती, आणि तेच त्यांचे खरे कर्तृत्व.

परिक्रमावासी आपले अन्न फारसे बरोबर बाळगत नाही. गावोगावच्या सदावर्तातून पीठ, डाळ, मीठ मिळते. काठावरच तीन दगडांची चूल मांडून स्वयंपाक होतो. महाकोशलात, म्हणजे जबलपूरच्या परिसरात, गोवऱ्यांवर भाजलेले गक्कड (जाड रोट) आणि वांग्याचे भरीत हे नेहमीचे जेवण. अनोळखी दारी शिधा मागताना शिक्षण, हुद्दा, जात यांचा अभिमान गळून पडतो. शिधा मागण्याच्या प्रथेमागचा खरा अर्थ हाच असावा. वेगडांच्या प्रवासवर्णनात निसर्गाइतकीच जागा त्यांना आसरा देणाऱ्या खेडुतांना मिळाली, ती त्यामुळेच.

वाटेत काढलेल्या रेखाटनांवरून ते घरी कोलाज करत. मासिकांचे रंगीत कागद कापून घाट, स्नान करणाऱ्या बाया, यात्रेकरू असे विषय त्यांनी उभे केले. लेखन हिंदी आणि गुजराती दोन्हींत केले. ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘अमृतस्य नर्मदा’ आणि ‘तीरे-तीरे नर्मदा’ ही त्यांची हिंदी पुस्तके. मराठीत गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे परिक्रमा आधीच परिचित होती, त्या पुस्तकात मात्र साधकाच्या मनातली उलघाल मध्यवर्ती आहे.

वेगड निघाले तेव्हा नदी बरीचशी मोकळी वाहत होती. १९९० च्या सुमारास बरगी धरण भरले आणि जबलपूर–मंडला दरम्यानचा जुना काठ, त्यावरच्या गावांसह, पाण्याखाली गेला. पुढे सरदार सरोवर धरणाने शूलपाणीच्या झाडीतली, म्हणजे काठच्या जंगलातली, जुनी वाटही बुडवली. त्यामुळे वेगडांची पुस्तके आता त्या काठांचा दस्तऐवजही ठरली आहेत.