इष्टापूर्त आणि वालूरची बारव

मिच आल्बमच्या ‘द फाइव्ह पीपल यू मीट इन हेवन’ (२००३) या कादंबरीतला एडी म्हणजे पाळणे दुरुस्त करणारा म्हातारा. आयुष्य फुकट गेलं असं त्याला वाटतं. मेल्यावर पाच माणसं भेटतात, तेव्हा उलगडा होतो. आपल्याकडे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मृताला निरोप देताना सांगितलंय, पितरांना भेट, आपल्या इष्टापूर्ताला भेट. इष्ट म्हणजे यज्ञ, आणि पूर्त म्हणजे विहिरी-तळी, असं धर्मशास्त्र सांगतं. मुंडकोपनिषद मात्र यालाच श्रेष्ठ मानणाऱ्यांना मूढ ठरवतं. आम्हीही वर्गात वर्षानुवर्षे तेच शिकवलं. पण मंडळी, तुमच्या चक्राकार बारवेत उतरताना ते पटेना. ती बांधणाऱ्या गवंड्याची आणि गाळ काढणाऱ्या तुमची भेट तिथंच झाली की! मुंडक म्हणतं, असलं पुण्य सरतं. सरू दे.