धूर कोणाच्या खात्यावर? कंपन्यांच्या कार्बन-हिशोबाचा छोटासा इतिहास

मागच्या वर्षी प्रोग्रेस सेमिनारमध्ये मी एक आलेख मोठ्या उत्साहाने दाखवला होता. एका मोठ्या कंपनीचं (नाव नको) हरितगृह वायूंचं उत्सर्जन दोन वर्षांत जवळजवळ एक तृतीयांशाने खाली आलेलं. कारणंही मी लिहून ठेवली होती: ऊर्जाबचत, नवी यंत्रं, व्यवस्थापनाची बांधिलकी वगैरे. मॅडमनी आलेखाकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मधल्या काळात यांनी एखादा प्लांट विकलाय का गं?"

विकला होता. अहवालाच्या शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं होतं. कारखाना आजही तिथेच आहे आणि चालू आहे. फक्त त्याचा धूर आता दुसऱ्या मालकाच्या खात्यावर जातो. हा नवा मालक शेअर बाजारात नोंदलेला नाही, त्यामुळे त्याचा आकडा मला कुठे मिळालाच नाही.

त्यानंतर मी काही आठवडे डेटा गोळा करणं थांबवलं आणि हे आकडे तयार कसे होतात, त्यांचे नियम कोणी आणि कधी ठरवले, ते वाचत बसले. त्याचा सारांश आजच्या पोस्टमध्ये देतेय. ईएसजी, कार्बन रिपोर्टिंग असले विषय घेऊन पीएचडीचा विचार करत असाल तर हे आधी वाचा, म्हणजे माझ्यासारखी फजिती होणार नाही.

मोजतात म्हणजे नक्की काय करतात?

मला वाटायचं, चिमणीवर एखादं यंत्र बसवून वायू मोजत असतील. काही ठिकाणी तसं करतातही. पण बहुतेक ठिकाणी मोजणं म्हणजे गुणाकार असतो. किती इंधन जाळलं हे बिलावरून घ्यायचं आणि त्याला उत्सर्जन गुणांकाने गुणायचं. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.६ ते २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. डिझेलची घनता, त्यातलं कार्बनचं प्रमाण आणि ४४/१२ हे गुणोत्तर एवढं घेतलं की हा आकडा अकरावीच्या रसायनशास्त्रातून स्वतः काढता येतो. करून बघा.

बाकीचे वायूही कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत आणावे लागतात. त्यासाठी आयपीसीसीच्या अहवालांतले तापमानवाढ-क्षमतेचे आकडे वापरतात. आता गंमत बघा. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेनसाठी हा आकडा १९९५ च्या दुसऱ्या अहवालात २१ होता, २००७ च्या चौथ्या अहवालात २५ झाला आणि २०१३ च्या पाचव्या अहवालात २८. म्हणजे एखाद्या कंपनीतून दरवर्षी १०० टन मिथेन गळत असेल, तर कागदावर ते आधी २,१०० टन, मग २,५०० आणि मग २,८०० टन. एकही व्हॉल्व्ह न हलता! विज्ञान सुधारलं म्हणून हे झालं, त्यात लबाडी काहीच नाही. पण दहा वर्षांचा डेटा एका रांगेत लावणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याला नसलेली वाढ दिसणार.

पट्टी कोणी बनवली?

१९९२ च्या हवामान करारानंतर उत्सर्जनाचे हिशोब ठेवायची जबाबदारी देशांवर आली. डिसेंबर १९९७ मध्ये क्योटोत विकसित देशांनी उद्दिष्टं स्वीकारली. पण कंपनीने आपला हिशोब कसा मांडायचा, याचा जगाला मान्य असा नियम नव्हता.

क्योटोच्या काही महिने आधी, मे १९९७ मध्ये, बीपी या तेल कंपनीचे प्रमुख जॉन ब्राउन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात भाषण केलं आणि हवामानबदलाच्या धोक्याबाबत कंपन्यांनी आता पावलं उचलायला हवीत असं जाहीरपणे सांगितलं. तेल उद्योगातून तेव्हा असं कोणी बोलत नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी उद्दिष्टही जाहीर केलं: २०१० पर्यंत कंपनीचं उत्सर्जन १९९० च्या तुलनेत १० टक्क्यांनी कमी करायचं. त्यासाठी कंपनीच्या विभागांमध्ये आपापसात उत्सर्जन-परवान्यांची खरेदी-विक्री सुरू केली. आता परवाने विकायचे तर आधी प्रत्येक विभागाचा आकडा हवा. शिवाय १९९८ च्या शेवटी बीपी आणि अमोको या कंपन्या एक झाल्या. मग १९९० चं उत्सर्जन कोणाचं धरायचं? तेव्हा ही एकत्र कंपनी अस्तित्वातच नव्हती. म्हणजे आधारवर्षाचा आकडा नुसता जुन्या फाइलीतून काढून भागत नाही. तो मागे जाऊन, आजच्या हद्दीप्रमाणे नव्याने मांडावा लागतो.

याच सुमारास वॉशिंग्टनची वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट ही संस्था आणि वर्ल्ड बिझनेस कौन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट ही उद्योगांची संघटना एकत्र आल्या आणि सर्वांसाठी एक पद्धत ठरवायला बसल्या. सुकाणू गटात डब्ल्यूडब्ल्यूएफसारख्या पर्यावरण संस्था होत्या, शेल, नॉर्स्क हायड्रो, टोकियो इलेक्ट्रिक अशा कंपन्या होत्या आणि आपल्या दिल्लीची टेरीसुद्धा होती. २००१ मध्ये 'ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल'ची कंपन्यांसाठीची पहिली आवृत्ती आली आणि २००४ मध्ये सुधारित आवृत्ती. आज जवळजवळ प्रत्येक कंपनीचा अहवाल याच चौकटीत बसवलेला असतो.

थोडक्यात, ज्यांना मोजायचं तेही पट्टी बनवायला बसले होते. याचा अर्थ पट्टी खोटी आहे असा नाही. बिलं, यंत्रं, इंधनाच्या नोंदी सगळं कंपन्यांकडेच होतं, त्यांना बाहेर ठेवून पद्धत बनलीच नसती. पण काय सक्तीचं आणि काय ऐच्छिक, हे वाटाघाटीतून ठरलं आहे, निसर्गनियमातून नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

तीन स्कोप

प्रोटोकॉलने उत्सर्जनाचे तीन भाग केले. कंपनीच्या स्वतःच्या भट्ट्या, बॉयलर, गाड्या यांतून निघतो तो स्कोप १. विकत घेतलेल्या विजेमागचा धूर स्कोप २. बाकी सगळं, म्हणजे कच्च्या मालापासून ते विकलेल्या वस्तूच्या वापरापर्यंत, स्कोप ३.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, तो महानिर्मितीचा स्कोप १. तीच वीज पुण्याच्या एखाद्या कारखान्याने वापरली की तोच धूर त्या कारखान्याचा स्कोप २. हे मुद्दाम असं ठेवलंय, कारण दोघांच्याही हातात काहीतरी असतं: एकाच्या हातात इंधन, दुसऱ्याच्या हातात वापर. म्हणून सगळ्या कंपन्यांचे सगळे स्कोप बेरजेत टाकू नका. तोच धूर दोनदा मोजला जाईल. (मी टाकले होते.)

स्कोप १ आणि २ देणं आवश्यक ठरलं, स्कोप ३ ऐच्छिक राहिला. आता परत बीपीकडे या. मार्च २००२ मध्ये ब्राउन यांनी जाहीर केलं की २०१० चं उद्दिष्ट आठ वर्षं आधीच गाठलं: सुमारे ९ कोटी टनांवरून सुमारे ८ कोटी टन. कामही खरं झालं होतं, वायू नुसता जाळून टाकणं किंवा हवेत सोडणं कमी केलं होतं. पण हा हिशोब कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाचा होता. तेल कंपनीच्या बाबतीत धुराचा फार मोठा वाटा तिने विकलेलं इंधन गिऱ्हाइकाच्या गाडीत जळतं तेव्हा निघतो आणि तो या आकड्यात नव्हता. म्हणजे आकडा बरोबर आणि चित्र अपुरं, हे दोन्ही एकाच वेळी खरं. स्कोप ३ साठी पंधरा प्रकारांचं स्वतंत्र मानक यायला २०११ उजाडलं.

एका मीटरची दोन उत्तरं

२०१५ मध्ये स्कोप २ साठी नवी मार्गदर्शिका आली. तिच्यानुसार विजेचं उत्सर्जन दोन पद्धतींनी काढता येतं. समजा एका कंपनीने वर्षभरात १०,००० मेगावॅट-तास वीज ग्रिडमधून घेतली. आपल्या ग्रिडचा गुणांक ढोबळमानाने ०.७ टन धरला, तर स्थानाधारित पद्धतीने उत्सर्जन ७,००० टन. पण कंपनीने तेवढ्याच विजेची नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रं विकत घेतली, तर बाजाराधारित पद्धतीने उत्तर शून्य! मीटर तोच, तारांमधली वीजही तीच.

प्रमाणपत्रांमुळे खरोखर नवीन पवनचक्की उभी राहते का, की आधीच चालू असलेल्या चक्कीचं श्रेय नुसतं हात बदलतं? यावर संशोधकांत बराच वाद आहे. चांगला शोधविषय आहे, कोणाला हवा असेल तर घ्या.

आपल्याकडे

सेबीने २०२१ मध्ये बीआरएसआर हा अहवालाचा नमुना आणला आणि आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून तो बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना सक्तीचा केला. त्यात स्कोप १ आणि २ आवश्यक निर्देशकांमध्ये ठेवले आणि स्कोप ३ ऐच्छिक निर्देशकांमध्ये. ही वाटणी ओळखीची वाटली ना? २००१ मध्ये आखलेली रेघ वीस वर्षांनी आपल्या नियमात जशीच्या तशी दिसते.

मग डेटा वापरायचाच नाही का?

वापरायचा, पण आधी चार गोष्टी बघून. हद्द कोणती धरली आहे: मालकीच्या हिश्श्याप्रमाणे की नियंत्रणाप्रमाणे? विलीनीकरण किंवा विक्री झाल्यावर आधारवर्षाचा आकडा सुधारला का? मिथेनसाठी कोणत्या आयपीसीसी अहवालाचा आकडा वापरलाय? आणि स्कोप २ कोणत्या पद्धतीने काढलाय? ही उत्तरं बहुतेक वेळा तळटीपांमध्ये असतात. मी आता एक्सेलमध्ये या प्रत्येकासाठी एक वेगळा रकाना ठेवलाय. काम दुप्पट झालं, पण झोप नीट लागते.

तो आलेख मी पुन्हा काढला. विकलेला प्लांट दोन्ही वर्षांच्या आकड्यांतून वगळला, तेव्हा एक तृतीयांशाची घट जेमतेम तीन-चार टक्क्यांवर आली. पुढच्या सेमिनारला तोच दाखवला. मॅडम म्हणाल्या, "आता यावर बोलता येईल."