युद्धकालीन वेष आणि त्याचें पुनर्दर्शन

ज्युबिलीच्या समारंभांत गतकाळचे प्रसंग रंगभूमीवर आणण्याची प्रथा आपणांस नवी नाहीं. असा बेत ठरला म्हणजे घरोघरच्या जुन्या पेट्या उघडतात, आजीबाईंच्या ठेवणींतल्या वस्तूंची उलथापालथ होते, आणि मग कोणी तरी विचारतो कीं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं माणसें खरोखर कशी दिसत असत? या प्रश्नाचा छडा ज्या देशांत फार काळजीपूर्वक लावला जातो, तो देश म्हणजे इंग्लंड. तेथें आज कित्येक हौशी स्त्रीपुरुष त्या काळचा पोशाख, केशरचना व प्रसाधन हुबेहूब उभें करण्यांत रमलेले आढळतात. जुन्या वाफेच्या आगगाड्यांच्या स्थानकांवर त्यांचे मेळे भरतात. हें वेड पोरकट समजून सोडून द्यावें असें प्रथम आम्हांसहि वाटलें होतें. परंतु थोडें खोलांत गेल्यावर दिसून आलें कीं, त्या काळच्या एका साध्या झग्याच्या शिवणींत एका राष्ट्राचा सारा युद्धकालीन संसार सांठविलेला आहे.

ता. १ जून १९४१ हा पेंटेकॉस्टचा रविवार होता. त्या दिवशीं सकाळीं ब्रिटनचे व्यापारमंत्री ऑलिव्हर लिटल्टन यांनीं नभोवाणीवरून जाहीर केलें कीं, यापुढें कपडा कुपनांवरच मिळेल. दुकानें बंद असल्यामुळें लोकांना आधीं धांव घेऊन सांठा करण्यास अवसरच मिळाला नाहीं. गुप्तता इतकी कडक कीं, कपड्यासाठीं स्वतंत्र पुस्तकें छापलींच नव्हतीं. शिधापुस्तकांतील मार्गारीनचीं जादा कुपनें त्या कामीं चालविण्यांत आलीं. पहिल्या वर्षीं प्रत्येक प्रौढ माणसाच्या वाट्यास ६६ कुपनें आलीं. लोकरीच्या झग्यास ११, सुती झग्यास ७, स्त्रियांच्या बुटांच्या जोडास ५, लांब मोज्यांच्या जोडास २ आणि पुरुषाच्या पुऱ्या सुटास २६, असा हिशेब होता. कुपन दिलें म्हणजे माल फुकट मिळे असें नव्हे. किंमत वेगळी मोजावी लागे. पुढें हा वांटा कमी कमीच होत गेला, आणि युद्ध संपल्यावरहि जवळजवळ चार वर्षें हें बंधन टिकून १५ मार्च १९४९ रोजीं एकदांचें उठलें.

कारण उघड होतें. कापूस व लोकर समुद्रावरून आणावी लागे आणि जहाजें शत्रूच्या पाणबुड्या बुडवीत होत्या. गिरण्यांना सैन्याचे गणवेष पुरवावयाचे होते, आणि शिवणारे हात दारूगोळ्याच्या कारखान्यांत हवे होते. म्हणून सरकारनें ठराविक प्रतीचा, ठराविक किमतीचा ‘युटिलिटी’ कपडा सुरू केला. त्यावर ‘सी. सी. ४१’ अशी खूण असे. रेजिनाल्ड शिप यांनीं काढलेल्या या खुणेंतील दोन ‘सी’ अक्षरें फोड कापलेल्या दोन चीजच्या चकत्यांसारखीं दिसत, म्हणून लोकांनीं तिला तेंच थट्टेचें नांव दिलें. १९४२ सालीं याहूनहि कडक हुकूम निघाले. झग्यास दोनच खिसे, पांचच गुंड्या, घागऱ्यास सहांहून अधिक जोड नाहींत, चुण्यांचीहि मोजदाद. पुरुषांच्या विजारींच्या पायाशीं असलेली दुमडपट्टी बंद झाली, आणि गंमत अशी कीं, या एवढ्याशा पट्टीसाठीं पुरुषांनीं जी कुरकुर केली तिला तोड नव्हती! कित्येक जण मुद्दाम लांब विजार विकत घेऊन घरीं गुपचूप दुमडून घेत. बायकांनीं मात्र कात्री व सुई हातांत घेतली. व्यापारखात्यानें १९४३ सालीं ‘आहे त्यांत भागवा आणि दुरुस्त करा’ अशा अर्थाच्या नांवाची पुस्तिका काढली. नवऱ्याचा सूट उसवून बायकोचा पोशाख, पलंगपोसाचा झगा, उसवलेल्या लोकरीचा नवा स्वेटर, हे त्या वेळचे रोजचे उद्योग होते.

तरीहि हा कपडा गबाळा नव्हता. नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमीज, एडवर्ड मॉलिनो अशा नामांकित कारागिरांकडून सरकारनें युटिलिटी कपड्यांचे नमुने करून घेतले. ते लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत जतन केलेले आहेत. खांदे भरीव व चौकोनी, कंबर आटोपशीर, घागरा गुडघ्याच्या किंचित् खालीं: ही त्याची ओळख. मर्यादेंतून निघालेली ही रेषा आमच्या मतें युद्धापूर्वींच्या पुष्कळशा झालरींपेक्षां सरस आहे.

आज असा झगा शिवावयाचा तर प्रथम मांजरपाटाचा कच्चा नमुना कापून तो अंगावर बसवून पाहावा. कारण त्या वेळचे कागदी नमुने छातीच्या मापावर बेतलेले असत आणि आजच्या शरीरास ते जसेच्या तसे बसत नाहींत. कापड साध्या सुताचें, लोकरीचें किंवा रेयॉनच्या क्रेपचें असावें. उघडण्याची फट डाव्या कुशीस ठेवून तेथें टिचबटणें लावावींत. पाठीवरून खालपर्यंत नायलॉनची चेन लावली कीं सारा भास तेथेंच मोडतो, कारण तशी चेन त्या काळीं नव्हतीच, आणि धातूची चेनहि दुर्मिळ होती. मलाया हातचें गेल्यावर रबराचीहि टंचाई पडली, म्हणून इलॅस्टिकचा उपयोग जपूनच करावा.

येथें एक कळकळीची सूचना. आजीच्या पेटींत त्या काळचा खरा कपडा सांपडल्यास तो नाचगाण्यासाठीं अंगावर चढवूं नये. रेयॉन ओलें झालें कीं दुबळें होतें. बगलेंतील घाम व जुनी शिवण यांचा मेळ बसत नाहीं, आणि एका संध्याकाळच्या हौसेपायीं इतक्या वर्षांची वस्तु फाटते. तिचें माप घ्यावें, शिवण उलटून न्याहाळावी, नक्कल शिवावी आणि मूळ वस्तु परत घडी करून ठेवावी. मूळ कपडे झिजवून भूतकाळ जिवंत करणारांविषयीं आम्हांस मुळींच आदर नाहीं.

केशरचनेंत पुष्कळांचें चुकतें. केस किंचित् ओले करून एकेक बारीक बट बोटाभोंवतीं गुंडाळावी, डोक्याशीं चपटी बसवून आंकडा लावावा व रात्रभर वाळूं द्यावी. केस बसून राहावेत म्हणून त्या वेळीं साखरेचें पाणीहि लावीत. सकाळीं आंकडे काढून कुरळे तसेच लोंबत ठेवणें ही नवशिक्यांची चूक. ब्रश फिरवून ते सारे एका लाटेंत मिसळले पाहिजेत, आणि मगच कपाळावरचे केस वर गुंडाळून ‘व्हिक्टरी रोल’ करावा. कारखान्यांतील स्त्रिया केस यंत्रांत अडकूं नयेत म्हणून डोक्यास रुमाल बांधीत किंवा केसांवर जाळी घालीत. अमेरिकेंत व्हेरॉनिका लेक या नटीच्या एका डोळ्यावर येणाऱ्या केसांचें अनुकरण इतकें होऊं लागलें कीं, १९४३ सालीं तिला स्वतःचे केस मागें बांधून दाखवावे लागले.

इंग्लंडांत हॅटला कुपन लागत नसे, पण किंमत भारी पडे. अँग्लिकन आर्चबिशपांनीं १९४२ सालीं स्त्रियांनीं उघड्या मस्तकानें देवळांत येण्यास हरकत नाहीं असें सांगितलें. आपल्या पंथांत मात्र १९१७ च्या धर्मसंहितेचें कलम १२६२ लागू होतें. तेव्हां त्या काळची कॅथॉलिक स्त्री मिस्साला निघालेली दाखवावयाची तर तिच्या मस्तकावर हॅट किंवा रुमाल हवाच.

चेहऱ्याची गोष्ट थोडक्यांत सांगतां येईल. पावडरीचा मंद, चमक नसलेला थर, रेखीव भिवया, आणि लाल ओंठ, एवढेंच. प्रसाधनांचें उत्पादन सरकारनें फार घटविल्यामुळें लिपस्टिकचे उरलेले तुकडे वितळवून एकत्र करीत, कोणी बीटाचा रस लावीत, तर कोणी जळक्या बुचाची काजळी पापण्यांस लावीत. रेशीम हवाई छत्र्यांकडे गेल्यानें मोजे मिळेनासे झाले; तेव्हां तरुणी पायांस रंग फांसून पोटरीवर मागें भिवईच्या पेन्सिलीनें शिवणीची रेघ ओढून घेत. ही रेघ स्वतःची स्वतःला ओढतां येत नसे, मैत्रीणच लागे.

आतां एक अप्रिय गोष्ट. पुनर्दर्शनाच्या मेळ्यांतून जी स्त्री दिसते ती बहुधा चित्रपटांतली असते: नीटनेटकी, हंसतमुख, नवी कोरी. त्या काळच्या साध्या छायाचित्रांत मात्र रफू केलेले कोपर, झिजलेले बूट व थकलेले डोळे दिसतात. आणि याच युद्धाच्या ऐन मध्यावर, १९४३ सालीं, आपल्या देशांत बंगालच्या दुष्काळांत लाखों माणसें मेलीं. तेथील खेड्यांत लज्जारक्षणापुरतेंहि वस्त्र न उरल्यामुळें स्त्रियांना झोंपडीबाहेर पडतां येईना. त्यांचा वेष कोणी उभा करीत नाहीं.

आपल्या मुलामुलींनीं रंगभूमीवर युद्धकाळ आणावयाचा झाल्यास प्रत्येकीस इंग्रजी झगाच चढविण्याचें कारण नाहीं. हिंदी नौदलाच्या स्त्रीशाखेंतील सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ च्या जूनमध्यें स्कॉटलंडमधील रोसाइथच्या नौदलतळावर गेल्या होत्या. तेव्हांचें त्यांचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. शेजारच्या इंग्रज अधिकारी बाई गणवेषांत आहेत, आणि कल्याणीबाई साडींत.