अध्ययनाचे सामूहिक नियमन

शिकताना उद्दिष्ट ठरवणे, वेळ आखणे, समजले की नाही हे तपासणे आणि अडले तर रीत बदलणे, याला अध्ययनाचे नियमन म्हणतात. हे एकट्याने केले की स्वयंनियमन. त्यासाठी शिक्षकाने किंवा सोबत्याने हात दिला की सहनियमन. आणि सगळ्या गटाने आपले काम म्हणून मिळून केले की सामूहिक नियमन. प्रत्यक्षात एकाच तासाच्या अभ्यासात ही तिन्ही रूपे आलटून पालटून दिसतात.

मूल आज जे दुसऱ्याच्या मदतीने करते ते उद्या स्वतःच्या बळावर करू लागते, हे लेव्ह विगोत्स्की (१८९६–१९३४) यांचे म्हणणे या विचाराच्या मुळाशी आहे. पुढे बॅरी झिमरमन यांनी स्वयंनियमनाचे पूर्वतयारी, कृती आणि आत्मपरीक्षण असे तीन टप्प्यांचे चक्र मांडले. कॅनडाच्या ॲलिसन हॅडविन आणि फिनलंडच्या सान्ना यार्वेला यांनी संशोधनाचा रोख गटाकडे वळवला.

यातले सर्वांत बोलके उदाहरण मात्र गणितातले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत १९७० च्या दशकात अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात मागे पडत. तयारी कच्ची, इच्छा कमी, घरचा पाठिंबा नाही, अशी कारणे प्राध्यापक देत. यूरी ट्राइसमन यांनी मुले अभ्यास कसा करतात हे जवळून पाहिले, तेव्हा यातले एकही कारण टिकले नाही. ही मुले कष्टाळू होती, पण एकेकटी अभ्यास करत. चिनी वंशाची मुले आधी स्वतंत्रपणे गणिते सोडवत, मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत. त्यामुळे कोण कुठे चुकतो आणि आपण कितपत तयार आहोत, हे त्यांना परीक्षेआधीच कळे. ट्राइसमन यांनी गटाने सोडवायच्या अवघड गणितांच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि निकाल ठळकपणे सुधारले. त्या उजळणीच्या शिकवण्या नव्हत्या, हे विशेष महत्त्वाचे.

वाचनातही हे साधते. अ‍ॅनमरी पॅलिन्सर आणि ॲन ब्राउन यांच्या १९८४ च्या प्रयोगात, अक्षरे नीट वाचणाऱ्या पण अर्थ न लागणाऱ्या सातवीच्या मुलांनी पाळीपाळीने शिक्षकाची भूमिका घेतली. सारांश सांगणे, प्रश्न विचारणे, अडलेले उलगडणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे, ही चार कामे आधी शिक्षक करून दाखवत, मग मुले स्वतः करत.

नुसते एकत्र बसणे म्हणजे सामूहिक नियमन नव्हे. पुण्यातल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत शेजारी शेजारी मूकपणे वाचणारे उमेदवार स्वयंनियमनच करत असतात. चहाच्या टपरीवर प्रश्नपत्रिकेची उत्तरे पडताळताना ते गट होतात. एकाने मजकूर लिहायचा, दुसऱ्याने आकृत्या काढायच्या, तिसऱ्याने टंकायचे, असा महाविद्यालयीन प्रकल्प ही तर निव्वळ कामाची वाटणी असते. त्यात चूक झाली तर ती कोणाच्याच लक्षात येत नाही.

गट नेमका कधी अडखळला आणि कसा सावरला, हे सदस्यांना नंतर आठवून सांगणे कठीण जाते. म्हणून यार्वेला यांच्या औलू विद्यापीठातील संशोधनात आता चित्रफितींच्या जोडीला विद्यार्थ्यांच्या हृदयाचे ठोके आणि त्वचेची विद्युतवाहकताही नोंदवली जाते.